वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरला खालून हाक

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहा आठवडे जिना बंद. माझा डेस्कटॉप नेमका वरच्या मजल्यावर. तो चालू असला की खालच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने सगळं काम होतं, पण चालू कोण करणार? आईला जिना चढवत नाही. भाचा शाळेतून आला की त्याला वर पिटाळायचो, म्हणजे माझा कामाचा दिवस संध्याकाळी साडेपाचला उजाडायचा. वेक-ऑन-लॅन, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून हाक मारून बंद कॉम्प्युटर चालू करायची सोय, हे नाव ऐकलेलं होतं, गरज आत्ता पडली.

फोनवर अ‍ॅप घेतलं, मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकला, बटण दाबलं. अ‍ॅप म्हणालं, 'पाठवलं'. वर सामसूम. या 'पाठवलं'वर जाऊ नका. हे साधं पोस्टकार्ड आहे, पोचपावती येत नाही.

मग जरा खोलात गेलो. कॉम्प्युटर बंद असला तरी भिंतीचं बटण चालू असेल तर पॉवर सप्लाय 5 व्होल्टची थोडीशी वीज देत राहतो, आणि तेवढ्यावर नेटवर्क कार्ड एक कान उघडा ठेवतं. त्याला एकच खूण ओळखायची असते: एफएफ हा बाइट 6 वेळा, आणि लगेच स्वतःचा मॅक अ‍ॅड्रेस 16 वेळा. एकूण 102 बाइट. याला मॅजिक पॅकेट म्हणतात. 1990 च्या दशकात एएमडी आणि एचपी यांनी ही युक्ती काढली. झोपलेलं यंत्र 'हा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) माझा' असं सांगायला जागं नसतं, म्हणून हाक सगळ्या घराला ऐकू जाईल अशी मारायची, माझ्याकडे 192.168.1.255 या सगळ्यांच्या सामायिक पत्त्यावर. ज्याचं नाव तो उठेल.

पहिली चूक तिथेच सापडली. मी मॅक दिला होता वाय-फायचा, आणि केबल लागलेली इथरनेटला! प्रत्येकाचा मॅक वेगळा असतो. (वाय-फायवरून हे बहुतेक ठिकाणी चालतच नाही.)

तरीही उठेना. भाच्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं. "बंद असताना केबलच्या खोबणीत दिवा लागतोय का रे?"

"नाही मामा, काळोख आहे."

म्हणजे कार्डाला वीजच नव्हती. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, ईआरपी नावाचा पर्याय चालू होता. युरोपच्या वीजबचतीच्या नियमांसाठीचा हा पर्याय यंत्र बंद झालं की ती उरलीसुरली वीजही कापतो. तो बंद केला, पीसीआय-ईवरून (नेटवर्क कार्ड ज्या मार्गाने यंत्राला जोडलेलं असतं त्यावरून) उठण्याचा पर्याय चालू केला. दिवा लागला. हे आधी बघितलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

आता स्लीपमधून लगेच उठायला लागला, पण शट डाउन केल्यावर नाही. इथे दोषी निघालं विंडोजचं फास्ट स्टार्टअप. विंडोज 8 पासून शट डाउन हे थोडं सोंगच असतं: कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर जपून ठेवतात, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होतो. या अवस्थेत विंडोज कार्डाला हाकेसाठी तयार ठेवत नाही. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, हे आजीकडून ऐकलं होतं. कॉम्प्युटरलाही लागू पडेल असं वाटलं नव्हतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते काढून टाकलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटखाली 'फक्त मॅजिक पॅकेटनेच उठव' यावर खूण केली, नाहीतर नेटवर्कवरची इतर गडबडही त्याला उठवू शकते.

मंगळवारी सकाळी चहा घेता घेता बटण दाबलं आणि वरून पंख्याची घरघर ऐकू आली. भाचा हिरमुसला, कारण दर फेरीला दहा रुपये ठरले होते.

गुरुवारी वीज गेली. परत आल्यावर हाक जाईना. माझं कार्ड वीज पूर्ण तुटली की एकदा यंत्र सुरू होईपर्यंत बहिरं राहतं. म्हणून बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप चालू हो' हेही लावलं. त्याच रात्री तीनला वीज गेली, आली, आणि आई मला हलवून विचारत होती, "वर कोण आलंय रे?"