मोहरी घरंगळते

दिवाळी आठवड्यावर आली होती. दुपारी भाजीला म्हणून खाली उतरले, तर पार्किंगमध्ये किल्ला येऊन पोचला होता. टेम्पोतून. प्लास्टरचा, आयता, बुरुज रंगवलेले, उतारांना हिरवा भुसा चिकटवलेला. तो कुठल्या गाडीच्या जागेत ठेवायचा यावर चार मुलांची वादावादी चालली होती.

"कुठला रे किल्ला?"

"जनरल आहे."

"बरं. अळीव कधी पेरणार?"

एकानं किल्ल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आजी, हा ऑलरेडी ग्रीन आहे."

आजी ठीक आहे, केस पांढरे झालेत. पण ऑलरेडी ग्रीन?

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन आल्या आल्या दप्तर भिरकावून किल्ल्याला लागायचं. विटा, दगड, फुटकं घमेलं आणि वर चिखलात बुडवलेलं गोणपाट. किल्ला कायम सिंहगडच, कारण तो गच्चीवरून दिसायचा आणि दादाच्या भाषेत 'बघून करता यायचा'. (2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं. त्यात पार तमिळनाडूतली जिंजी आहे, आमचा सिंहगड नाही. असो.) तानाजीच्या कड्यावरून सुतळी सोडलेली, तिच्या टोकाला घोरपड म्हणून रबरी पाल. सलाईनच्या नळीचं कारंजं. कल्याण दरवाज्यापेक्षा मोठा वाघ.

हे सगळं मुलग्यांचं. आम्हा मुलींकडे दोन कामं, चिखल तुडवायचा आणि अळीव पेरायचं. बुरुजाला नुसता हात लागला तरी दादा खेकसायचा. मावळे मांडायला मिळणं तर दूरच.

पण अळिवातलं त्यांना काही कळायचं नाही. कोरडा दाणा बारीक, तांबूस, बोटांतून निसटणारा. वाटीत भिजवला की थोड्याच वेळात प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखा बुळबुळीत लेप चढतो. मग तो उभ्या कड्यावर चिकटवा, पडत नाही. एका दिवाळीत आत्या बाळंतपणाला आली होती आणि घरातलं सगळं अळीव तिच्या लाडवांत गेलं. दादा म्हणाला, त्यात काय एवढं, आणि फडताळातली मोहरी आणून मूठमूठ गडावर फेकली. मोहरी घरंगळते. पाचव्या दिवशी सिंहगड बोडका आणि पायथ्याला, खडकवासल्याच्या अंगाला, हिरवंगार शेत. तरी 'मावळ्यांना भाजी नको का' म्हणून त्याचंच वर.

पेरायचं ते तिथी मोजून. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ करून, कारीट फोडून, थंडीत कुडकुडत अंगणात आलं की पणतीच्या उजेडात हिरवळ दिसली पाहिजे. म्हणजे पाच दिवस आधी पेरायला हवं. पाणी बोटांनी शिंपडायचं, तांब्यानं ओतलं की गड वाहून जातो. दुसऱ्या दिवशी पांढरी शेपटी फुटायची. मी उकिडवी बसून तासन्‌तास बघत असायची. नंतर वाकलेली मान सरळ व्हायची, डोक्यावर टरफलाची टोपी तशीच, आणि टोपी पडली की इवल्या पानाला तीन बोटं. कुणी शिकवलं नव्हतं, बघून बघून माहीत झालं होतं. भाऊबीजेपर्यंत मावळे कंबरेइतके हिरवळीत बुडायचे आणि दादा कुरकुरायचा, "सैन्य दिसत नाहीये!" ओवाळताना मी चेहरा अगदी साधा ठेवायची.

हे सगळं त्या चार मुलांना कुठे सांगत बसणार? भाजी राहिलीच. वर येऊन बरणी काढली. मुलीच्या बाळंतपणात आणलेलं अळीव तळाशी उरलं होतं, आणि नात आता तीन वर्षांची आहे, बंगळुरात असते. म्हणजे दाणे किती जुने ते बघा.

संध्याकाळी पोरं क्लासला गेल्यावर वाटी घेऊन उतरले. जुन्या पंचाचा तुकडा भिजवून जनरल किल्ल्याच्या मागच्या कड्यावर, भिंतीच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा बसवला आणि त्यावर अळीव थापलं. जरा हात पुढे गेला तेव्हा चार दाणे थेट प्लास्टरवर लागले. तिथेही चिकटले.

आज तिसरा दिवस. वॉचमननं विचारलं, "मॅडम, किल्ल्याला पाणी कशाला?" मी म्हटलं, धूळ बसलीये.

शेपटी अजून दिसत नाही. दाणे फुगलेत मात्र.