झेंड्यातलं झाड

आज जुन्या मॉन्ट्रियलमध्ये काम होतं. शाळेला सुट्टी, म्हणून लेकीलाही सोबत नेलं. सिटी हॉलसमोर पोचलो, तर मान वर करून म्हणाली, "बाबा, झेंड्यात झाड का आहे?"

इतकी वर्षं इथे राहतोय, पण शहराचा हा झेंडा नीट पाहिलाच नव्हता. पांढऱ्यावर लाल क्रॉस, चार कोपऱ्यांत चार फुलं-पानं. निळी फ्लर-द-ली, म्हणजे लिलीच्या फुलाचं चिन्ह, फ्रेंचांची, लाल गुलाब इंग्रजांचा, काटेरी थिसल स्कॉटिश लोकांचं आणि हिरवं तीन पानांचं शॅमरॉक आयरिश मंडळींचं. 1833 साली पहिले महापौर जाक व्हिजे यांनी शहराचं चिन्ह आखलं, तेव्हा फ्रेंचांच्या जागी चक्क बीव्हर हा प्राणी होता! 1938 मध्ये त्याला चिन्हातल्या ढालीवरून उचलून वर डोक्यावर बसवलं. बढतीच म्हणायची.

पण ज्यांची ही जमीन मुळातली, ते या चौघांत कुठेच नव्हते. 2017 मध्ये शहराला 375 वर्षं झाली, तेव्हा मधोमध लाल वर्तुळात पांढरा पाइन आला. इथल्या मूळ रहिवाशांपैकी हॉडेनोशॉनी लोकांसाठी हा शांतीचा वृक्ष. पूर्वी वैर असलेल्या पाच राष्ट्रांनी त्याच्याखाली शस्त्रं पुरली, असं ते सांगतात. या पाइनच्या सुयाही पाच-पाचच्या जुडग्यांत येतात.

परतताना बाईसाहेबांनी बागेतल्या प्रत्येक पाइनखाली थांबून सुया मोजल्या. घरी पोचायला दीड तास उशीर. एका जुडग्यात चारच निघाल्या, त्यावरून अजून वाद चालू आहे.