आमची वाटचाल: नाव गिऱ्हाइकाचं, काम आमचं

सांगलीत विश्रामबागला पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. पाटीवर ‘वेबसाइट, होस्टिंग, ई-मेल’ असं लिहिलंय, पण जिना चढून येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची वेबसाइट आधीच झालेली असते. इंटरनेटवरचं नाव, म्हणजे डोमेन, आमच्या फर्मचं, पण ताबा दुसऱ्याकडे, तेवढं आमच्या हातात आणून द्या, असं त्यांचं म्हणणं असतं. या कामावर आमचा धंदा उभा राहील असं सुरुवातीला कुणाच्या डोक्यातही नव्हतं. वेबसाइट करून पोट भरायचं, एवढाच विचार होता.

त्याआधी मी पुण्यात एका वेब डिझाइनच्या ऑफिसात नोकरीला होतो. गिऱ्हाइकाच्या दुकानाचं डॉट कॉम मालकाने स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ई-मेलवर, स्वतःच्याच नावाने घ्यायचं, अशी तिथली पद्धत. गिऱ्हाइकाला दरवर्षी बिल तेवढं जायचं. एखाद्याने दुसरीकडे जायचं ठरवलं की त्याचे फोन उचलणं बंद व्हायचं आणि मग ‘मागची बाकी’ म्हणून कधी न ऐकलेला आकडा पुढे यायचा. त्या वैतागलेल्या माणसांशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. २००८ मध्ये नोकरी सोडून सांगलीला परतलो तेव्हा भांडवल बेताचंच होतं. पण डोमेन ज्याचं त्याच्या नावावर घ्यायचं, हे ठरवूनच आलो होतो.

दिवस बरे होते. डॉट इनची नोंदणी निक्सीने, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाने, २००५ मध्ये सर्वांसाठी खुली केली होती. मुंबईत दिव्यांक आणि भाविन तुरखिया या भावांनी १९९८ मध्ये डायरेक्टी ही कंपनी सुरू केली होती. त्यांच्या रिसेलरक्लबमुळे दोन माणसांच्या फर्मलाही थोडे पैसे आगाऊ भरून डोमेन विकता येत होती. २०१४ मध्ये तो व्यवसाय अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स कंपनीने घेतला, तोवर गणपती पेठेतल्या आमच्या गाळ्याचं बस्तान बसलं होतं. बायको आधी पतपेढीत हिशेब बघायची. तिने आल्या आल्या एक जाड रजिस्टर घातलं. महिनावार पानं, आणि प्रत्येक पानावर कुणाचं नाव कोणत्या तारखेला संपतंय याची नोंद. कॉम्प्युटरवर धंदा करणाऱ्याच्या टेबलावर वही बघून लोक हसायचे. ती वही अजून चालू आहे, फक्त खंड वाढलेत.

गिऱ्हाइकांना सगळ्यात आधी समजावून सांगावं लागायचं ते हे, की डोमेन, वेबसाइट आणि ई-मेल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही तीन ठिकाणी असू शकतात. डॉट कॉमची मूळ यादी व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीकडे असते. तिच्याकडून थेट कुणाला काही मिळत नाही, मधे नावं नोंदवून देणारा रजिस्ट्रार असतो आणि बऱ्याचदा त्याच्याखाली आमच्यासारखा रिसेलर, म्हणजे किरकोळ विकणारा. मालक मात्र नोंदीत ज्याचं नाव तोच, मग पैसे वर्षानुवर्षं कुणीही भरलेले असोत. तासगावचे एक द्राक्ष बागायतदार हे ऐकून क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘म्हंजे राबायचं आमी, आन् सातबाऱ्यावर नाव त्या पोराचं?’’ यापेक्षा सोपं करून मला आजवर सांगता आलेलं नाही.

नाव सोडवायचं पहिलं मोठं काम मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्याचं. त्यांचा माल आखातात जायचा आणि पोत्यांवर ई-मेल पत्ता छापलेला असायचा. वेबसाइट करून देणारा मुलगा तोवर बंगळुरूला नोकरीला लागला होता. डोमेन त्याच्या नावावर, एका परदेशी रजिस्ट्रारकडे. मुलगा चांगला होता, ‘काका, घेऊन टाका’ म्हणाला. तरी काम नाजूक होतं, कारण मेल एक दिवस बंद पडला तरी ऑर्डर दुसऱ्याकडे जाणार.

अशा वेळी लोक काय करतात, आधी जुन्या खात्यात शिरून मालकाचं नाव आणि ई-मेल दुरुस्त करतात आणि मग ट्रान्स्फरला, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला, लागतात. वरवर बरोबर वाटतं. पण डॉट कॉमसारख्या नावांना डिसेंबर २०१६ पासून नियम असा, की मालकाचं नाव, संस्था किंवा ई-मेल बदलला की साठ दिवस ते नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे जात नाही. आधीच तशी सूट मागितली असेल आणि रजिस्ट्रार ती देत असेल तरच सुटका. नवीन घेतलेल्या नावालाही साठ दिवस थांबावं लागतं, आणि एकदा हलवलेल्या नावालाही. म्हणून नोंदीला हात न लावता आहे त्या स्थितीत नाव आधी हलवायचं आणि इकडे आल्यावर मालक बदलायचा, असा क्रम आम्ही ठेवला.

त्याच्याही आधीचं काम नेमसर्व्हरचं, म्हणजे नावाच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरचं. ट्रान्स्फरमध्ये वेबसाइट आणि मेल जागचे हलत नाहीत, हे खरं. पण मेल कुठे पोचवायचा, साइट कुठल्या सर्व्हरवर आहे, या नोंदी जुन्या रजिस्ट्रारच्या फुकटच्या नेमसर्व्हरवर असतील, तर नाव गेल्यावर तो त्या पुसून टाकू शकतो. आम्ही एकेक नोंद उतरवून घेतली. साइटची ए नोंद, मेलची एमएक्स, आणि मेल खरा असल्याची खूण सांगणाऱ्या टीएक्सटी नोंदी. या शेवटच्या सुटल्या तर मेल जातो, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो, आणि पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. सगळं नव्या नेमसर्व्हरवर चढवलं, अडत्यांच्या दुबईच्या गिऱ्हाइकाला एक मेल पाठवून उत्तर मागवलं, दोन दिवस तसंच चालू दिलं आणि मगच मुलाला नाव हलू न देणारं लॉक काढायला सांगितलं.

मुलाने लॉक काढलं, ऑथ कोड, म्हणजे नाव हलवायची किल्ली, घेतला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. आमच्या पोराने फोनकडे बघत तो टाइप केला. कोड चुकीचा. परत टाइप केला, परत चुकीचा. झिरो आणि ओ, आय आणि एल, सगळं ताडून झालं. मग बायको म्हणाली, मधली चार अक्षरं जाड का दिसताहेत? व्हॉट्सॲपमध्ये दोन स्टारच्या मधला मजकूर ठळक होतो आणि स्टार दिसेनासे होतात. कोडात नेमके दोन स्टार होते! तेव्हापासून ऑथ कोड व्हॉट्सॲपवर घ्यायचा नाही, ई-मेलवरच घ्यायचा, आणि तिथून हाताने न लिहिता उचलून चिकटवायचा, असा आमच्याकडे दंडक आहे.

कोड लागला की उरतं ते वाट बघणं. जुना रजिस्ट्रार मालकाला मेल पाठवतो, ‘तुम्ही खरंच जाताय का?’ त्यातल्या दुव्यावर होकार दिला तर काम लवकर होतं. काहीच केलं नाही तरी पाच दिवसांनी नाव आपोआप सुटतं. अडते त्या पाच दिवसांत रोज सकाळी सौदे सुरू व्हायच्या आधी फोन करायचे, ‘‘आलं का ओ?’’ आलं, तेव्हा मुदतीत एक वर्षाची भर पडलेली दिसली आणि त्यांना ती आमच्याकडून मिळालेली भेट वाटली. भेट कसली, ट्रान्स्फरच्या पैशात एक वर्षाचं नूतनीकरण धरलेलंच असतं. एकूण मुदत दहा वर्षांच्या पुढे जात नाही, एवढीच अट.

यार्डात बातमी पसरायला वेळ लागत नाही. मग बेदाणेवाले आले, कुपवाड एमआयडीसीतले फाउंड्रीवाले आले. आमच्याच धंद्यातला एक मित्र तेव्हा मला म्हणायचा, ‘‘अरे, तू लोकांना कोड देऊन टाकतोस, मग तुझ्या हातात राहतं काय?’’ त्याचा हिशोब चूक नव्हता. धरून ठेवलेल्या गिऱ्हाइकाकडून दरवर्षी वाटेल ते नूतनीकरण लावता येतं. आमच्याकडे ते शक्य नव्हतं, म्हणून आम्ही डोमेनवर नफा जवळजवळ सोडला आणि कामाचे पैसे वेगळे लावले. पहिली काही वर्षं त्यात ओढाताण झाली, हे नाकारत नाही.

पुढे दरांनीच आमची बाजू घेतली. पहिल्या वर्षी शंभर रुपयांच्या आत मिळालेलं नाव दुसऱ्या वर्षी हजाराच्या वर जातं, त्यावर अठरा टक्के जीएसटी, आणि गिऱ्हाईक चिडून येतं. थोडा दोष लबाडीचा असतो, सगळा नाही. व्हेरिसाइन एका डॉट कॉममागे रजिस्ट्रारकडून घेते ती रक्कम २०१२ पासून ७.८५ डॉलरवर थांबलेली होती. ती २०२१ पासून वाढत वाढत सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाली. रुपयाची घसरण वेगळीच. म्हणून कुणी ‘नव्याण्णव रुपयांत कायमचं’ म्हणालं, तर तो कुठून तरी भरून काढणार हे धरूनच चालावं. चारशे-पाचशे रुपये वाचवायला दरवर्षी रजिस्ट्रार बदलणारेही आमच्याकडे येतात. त्यांचं काम आम्ही करतो, पण मनापासून सांगतो की राहा एका जागी.

कधी कधी समोरचा अडूनच बसतो. एका रजिस्ट्रारने मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराला कोड द्यायचाच नाही असं ठरवलेलं दिसलं. रोज नवा माणूस चॅटवर यायचा आणि ‘राहिलात तर सवलत देतो’ म्हणायचा. डॉट कॉमच्या बाबतीत कोड मागितल्यापासून पाच दिवसांत तो देणं रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. पुढच्या वर्षीचे पैसे भरले नाहीत, हे नकाराचं कारण चालत नाही. आम्ही सगळ्या चॅटच्या प्रती जोडून आयकॅनकडे, म्हणजे जगभरच्या डोमेन व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे, तक्रार नोंदवली आणि तक्रारीची प्रत त्यांनाही धाडली. कोड आला. त्याच कारागिराने नंतर हौसेने देवनागरीतलं डॉट भारत नाव घेतलं, जे २०१४ पासून मिळतं. बोर्डावर ते झकास दिसतं, पण काही फॉर्म अजूनही देवनागरी ई-मेल पत्ता नाकारतात, म्हणून पत्रव्यवहार जुन्याच नावावर चालतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराने आमच्या कामाला वेगळंच वळण दिलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांवर. गणपती पेठेतला आमचा गाळा पाण्याखाली होता, रजिस्टर मात्र बायकोने घरी नेलेलं होतं. गिऱ्हाइकांच्या वेबसाइट्स बाहेरच्या सर्व्हरवर, त्यांना पाण्याचा थेंब लागला नाही. खरी अडचण माणसांची होती. फोन बुडालेले, सिम बंद, बिलं लगद्यात गेलेली.

पंपांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानदाराच्या नावाची मुदत त्याच काळात संपली. चिखल काढण्यात महिना-दीड महिना गेला आणि नाव रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे नाव कायमचं सुटण्याआधीच्या तीस दिवसांच्या मुदतीत, पडलं. त्या तीस दिवसांत जादा पैसे भरून नाव परत घेता येतं, पण ट्रान्स्फर करता येत नाही. त्यात मालकाचा नोंदवलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा. म्हणजे नाव बंद म्हणून मेल बंद, आणि मेल बंद म्हणून नाव सोडवायचा दुवा मिळत नाही. दुकानाचा सगळा कागद वाहून गेला होता. शेवटी जीएसटीच्या पोर्टलवरून नोंदणी प्रमाणपत्र काढलं, पॅनची प्रत सीएकडून आणली, आणि मालकीचा पुरावा म्हणून ही दोन्ही कागदपत्रं रजिस्ट्रारकडे पाठवली. नाव जादा दराने परत मिळालं, ट्रान्स्फर नंतर सवडीने केली.

त्यानंतर आम्ही गाळा सोडून वरच्या मजल्यावर आलो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा संपर्काचा ई-मेल त्याच्या डोमेनबाहेरचा आहे का, हे तपासून घेतलं. पूर्वी हूइजमध्ये, म्हणजे डोमेनची नोंद सगळ्यांना दाखवणाऱ्या सेवेत, मालकाचं नाव सरळ दिसायचं, गिऱ्हाइकाला स्क्रीनवर दाखवता यायचं. मे २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून मालकांची बहुतेक नावं झाकलेली असतात. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी हूइजची जागा आरडॅप या नव्या पद्धतीने घेतलीय. झाकलेलं तिथेही झाकलेलंच. म्हणून आता आम्ही गिऱ्हाइकाला त्याच्या स्वतःच्या खात्यात, त्याच्या मोबाइलवर ओटीपी मागवून आत नेतो आणि मालकाच्या रकान्यात काय लिहिलंय ते त्यालाच वाचायला लावतो. पासवर्ड आमच्याकडे ठेवत नाही. यामुळे आम्हाला सोडून जाणंही सोपं होतं, आणि काही जण जातातही. एका बेदाणा व्यापाऱ्याचं काम पुण्याच्या एका एजन्सीकडे गेलं. त्यांना लॉक कुठे काढायचं ते आमच्याच पोराने फोनवर सांगितलं. ई-मेलची व्यवस्था मात्र त्यांनी आमच्याकडेच ठेवलीय.

आता आम्ही पाच जण आहोत. वेबसाइटची नवी कामं घेतो, पण मोजकीच. नाव सोडवून हवं असेल तर मुदत संपायच्या दीड महिना आधी या, शेवटच्या आठवड्यात नको. येताना जुनं बिल, पॅन आणि ज्याने वेबसाइट केली त्याचा नंबर आणा. त्याच्याशी भांडण झालेलं असलं तरी आणा, बोलणं आम्ही करतो. आणि मार्चअखेर टाळा, तेव्हा रजिस्टर सांभाळणारी हिशेबात बुडालेली असते आणि तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही.