नोंद तिसरी : मागचा काळा पडदा आणि डावीकडे ओढणारा लेन असिस्ट

माझ्या विजेच्या गाडीत दोन दोष होते: मागच्या कॅमेऱ्याचे चित्र दाखवणारा पडदा मध्येच काळा पडे, आणि लेन असिस्ट, म्हणजे पुढच्या कॅमेऱ्याने रस्त्यावरचे पट्टे पाहून गाडी लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा, गाडी डावीकडे ओढी. मागच्या नोंदीत मी या दोन्ही दोषांचे खापर बारा व्होल्टच्या बॅटरीवर फोडले होते, ते मागे घेतो. संशय अगदीच निराधार नव्हता, कारण विजेच्या गाडीत मोठी बॅटरी कितीही भरलेली असली तरी कॅमेरे, रडार आणि त्यांचे कंट्रोलर (त्यांना चालवणारे छोटे संगणक) चालतात ते या छोट्या बॅटरीवरच, आणि ती दमली की पडद्यावर इशाऱ्यांची माळ लागते. मात्र रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडून, कुलूप लावून, सगळे कंट्रोलर झोपेपर्यंत अर्धा तास थांबून मोजले तेव्हा १२.६ व्होल्ट मिळाले, आणि गाडी ‘रेडी’, म्हणजे चालवायला सज्ज, झाल्यावर १४.२. लेड-ॲसिड बॅटरीकडून याहून अधिक काय मागायचे? घाईने घेतलेले आधीचे ११.९ हे माप दारे उघडी ठेवून घेतलेले होते. चूक बॅटरीची नव्हे, माझीच होती.

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर ‘दोष नाही’ असेच सांगत राहिला. असे स्कॅनर बहुधा ठरावीक प्रमाणित दोष-कोडच वाचतात. कॅमेऱ्याच्या कंट्रोलरला ते विचारतसुद्धा नाहीत. मित्राच्या, सर्व कंट्रोलरशी बोलणाऱ्या स्कॅनरवर मागच्या कॅमेऱ्याचा ‘यू’ने सुरू होणारा, म्हणजे संपर्क तुटल्याचा, कोड निघाला. पुढच्या कॅमेऱ्याच्या खात्यात मात्र एकही कोड नव्हता. दोन्ही दोषांचा एकमेकांशी संबंध नसावा, ही शंका तेव्हा प्रथम आली.

मागच्या कॅमेऱ्याचा माग स्कॅनरपेक्षा वहीने अधिक लावला. पडदा काळा होण्याच्या अकरा नोंदींपैकी आठ वेळा त्याआधी थोड्याच वेळापूर्वी डिकी उघडलेली होती. डिकीचे झाकण आणि छत यांच्यामधली रबरी नळी मागे सरकवली, आतली टेप सोडवली आणि मल्टीमीटर बीपवर (वायर अखंड असेपर्यंत वाजत राहतो) ठेवून झाकण सावकाश वर नेत गेलो. झाकण साधारण छातीच्या उंचीवर आले की बीप बंद होई आणि दोन बोटे वर गेले की पुन्हा सुरू. त्या जागी काळ्या वायरचे आवरण फाटले होते आणि आत तांब्याच्या तीन-चार तारा कशाबशा तग धरून होत्या. कॅमेऱ्याचा अर्थिंगचा मार्ग तोच.

येथे वायरी पिळून टेप गुंडाळण्याचा मोह टाळावा. वाकणाऱ्या जागी सोल्डर करणेही चुकीचेच, कारण सोल्डरमुळे वायर तेवढ्यापुरती ताठ होते आणि शेजारी पुन्हा तुटते. मी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून, सिलिकॉन आवरणाचा मऊ वायरचा तुकडा मध्ये घातला आणि त्याचे दोन्ही सांधे नळीच्या बाहेर, न हलणाऱ्या भागात घेतले. तुटलेली वायर चित्राचा सिग्नल नेणारी कोॲक्सियल केबल असती, तर ती मात्र सबंध बदलावी लागली असती. वॉरंटी शिल्लक असणाऱ्यांनी हा उद्योग करू नये. माझी मुदत मार्चमध्येच संपली आहे. नारिंगी, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या, वायरींच्या वाटेला तर कोणीच जाऊ नये.

लेन असिस्टचे कारण मे महिन्यात बदललेल्या पुढच्या काचेत सापडले. एक्स्प्रेसवेवर खडा लागून तडा गेला होता. काच बसवणाऱ्याने कॅमेरा जुन्या खाचेत बसवून ‘झाले, साहेब’ म्हटले आणि मीही मान डोलावली. कॅमेरा तोच असल्याने जुने कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची दिशा जुळवून घेतलेली नोंद, तसेच राहिले. आपण तिरके पाहतो आहोत हे त्याला कळणार कसे? एका अंशाची चूक शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची होते, म्हणजे साडेतीन मीटरच्या लेनची थेट निम्मी. सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी टायरमधील हवा आणि व्हील अलाइनमेंट तपासून घेतले, कारण गाडी एका बाजूला ओढण्याचे लक्षण त्यांच्यामुळेही दिसते. नवा फास्टॅगही कॅमेऱ्यासाठी मोकळ्या सोडलेल्या जागेच्या कडेवर चिकटला होता. तो सोलताच निकामी झाला, तेव्हा नवा मागवून थोडा खाली लावला.

सपाट फरशीवर, समोर ठरावीक अंतरावर नक्षीचा फलक ठेवून कॅलिब्रेशन झाले आणि नंतर ठळक पट्ट्यांच्या रस्त्यावर गाडी चालवून ते पक्के केले. त्यानंतरच्या चारशे किलोमीटरमध्ये गाडी लेनच्या मधोमध राहिली. खंडाळ्याच्या धुक्यात ‘तात्पुरते अनुपलब्ध’ असा संदेश दोनदा आला, पण वायपर फिरवून काचेवरचे दव पुसताच तो गेला; हा दोष मानण्याचे कारण नाही.

आता उरला आहे उजव्या आरशाखालचा कॅमेरा. पावसानंतर त्याचे चित्र दुधाळ दिसते आणि उन्हात तासाभराने निवळते, म्हणजे पाणी भिंगाच्या आत शिरले आहे. पाऊस उघडला की आरसा खोलणार आहे.