बारा टॅब, अडतीस पोरं आणि एक ळ

मी तुर्भ्याच्या बाजूला एका शाळेत तिसरीला शिकवते. घणसोलीहून ट्रेनने दोन स्टेशनं, त्यामुळे नोकरी बरी आहे. शाळा मराठी माध्यमाची, वर्गात अडतीस पोरं, पण घरी मराठी बोलणारी मोजून नऊ. बाकीच्यांच्या घरी भोजपुरी नाहीतर कानडी, आणि खाणीवर खडी फोडायला आलेल्या बंजाऱ्यांच्या घरी गोरमाटी. मधल्या सुट्टीत सगळे मिळून मुंबईची हिंदी. बाई मराठीत शिकवतायत एवढंच काय ते मराठी.

गेल्या जूनमध्ये एका संस्थेनं बारा टॅब दिले. नारळ फुटला, फोटो झाले आणि टॅब गेले ऑफिसच्या कपाटात ते दिवाळीपर्यंत तिथेच. फुटले तर कोण भरणार हा प्रश्न. शेवटी मी लिहून दिलं की मी भरेन. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला येडी झालीस का.

चार्जिंगचं काय सांगू, वर्गात चालू असलेला प्लग एक. एक्स्टेंशन बोर्ड घरून नेला, तरी एका वेळी सहाच लागायचे, म्हणून सहा सकाळी आणि सहा खिचडीच्या सुट्टीत. आणि खिचडी खाऊन आलेली बोटं काचेवर, म्हणजे काच पिवळी.

सुरुवात वाचून घेणाऱ्या एका ॲपने केली. पोरगं मोठ्यांदा वाचतं, टॅब ऐकतो, शब्द बरोबर आला की पुढे, शेवटी स्टार. घरी एकटीने करून बघितलं तेव्हा मस्त चाललं. वर्गात बारा जण एकदम ओरडून वाचायला लागले आणि वर पंखा खडखड, तर एकाच्या टॅबला शेजारच्याचा आवाज. एक पठ्ठ्या तीन दिवस तोंडच उघडत नव्हता, नुसता हुशार पोरीला चिकटून बसायचा आणि स्टार गोळा करायचा. मला कळलं तेव्हा राग येण्याऐवजी हसूच आलं. मग स्टेशनबाहेरून माइकवाले इअरफोन आणले, माझ्याच पैशांनी.

दुसरा घोळ जास्त मजेशीर. पुस्तकात मराठी ल असतो, ज्याला शेजारी काना नसतो. टॅबवर मात्र हिंदीवाला ल, उजवीकडे काना जोडलेला. शेंडीफोड्या श चं तेच. शासनाने २००९ साली जीआर काढून मराठीत ल आणि श कसे लिहायचे ते ठरवून दिलंय, पण टॅबच्या फॉन्टला जीआर कोण वाचून दाखवणार. पोरं अडायला लागली, टीचर हे काय आहे म्हणून. आणि तेव्हा वर्गात कायम मागे बसणारा, मराठीत आडनावसुद्धा चुकवणारा एक भोजपुरीवाला पोरगा उठला आणि म्हणाला, हा ल आहे, माझ्या भावाच्या हिंदीच्या पुस्तकात असाच आहे. त्या दिवशी तो अख्ख्या रांगेला वाचून दाखवत होता आणि मी खुर्चीत बसून बघत होते.

माझं डोकं तिथून वळलं. तोवर मी घरची भाषा म्हणजे अडचण असं धरून चालले होते. ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं असतं सगळं, कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स १९७९ पासून सांगतायत की एका भाषेत कमावलेलं वाचन दुसऱ्या भाषेत कामाला येतं, आपलं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं. ऐकलं, वहीत लिहिलं, वही ठेवून दिली.

मग स्टोरीवीव्हर नावाच्या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरून एकच गोष्ट हिंदीत आणि मराठीत उतरवून घेतली (फुकट आहे, एकदा उतरवली की नेट लागत नाही), दोन टॅब शेजारी ठेवले आणि सांगितलं, काय सारखं, काय वेगळं ते शोधा. नुसता दंगा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं आणि मराठीत शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं, यावर अर्धा तास गेला. एकाने विचारलं मग सर्व शिक्षा अभियान म्हणजे सगळ्यांनाच का. घ्या.

आणि ळ. उत्तरेकडच्या पोरांचं बाळ म्हणजे बाल आणि केळं म्हणजे केला, ॲपही ते खपवून घ्यायचं. कानडीवाल्यांना मात्र ळ जन्मजात येतो. एकीने आपणहून क्लास घेतला, हळ्ळी बोल, हळ्ळी, जीभ मागे वळव. हळ्ळी म्हणजे गाव हे मलाही तेव्हाच कळलं. मी दोन वर्षं फळ्यावर लिहून दमले होते, तिने आठवड्यात बसवलं, पूर्ण नाही पण बरंचसं.

शेवटी सगळ्यात कामाला आला तो टॅबमधला साधा रेकॉर्डर. स्वतःचं वाचन पोरं पाच पाच वेळा ऐकतात, आपली चूक आपल्यालाच ऐकू येते, बाईंनी टोकायची गरज नाही. मग एका मुलीच्या आईला बोलावलं. खाणीवरून तशीच आलेली, हातांवर धूळ, बाकावर बसेचना. टॅबसमोर आधी नुसती हसली, मग कोल्ह्याची गोष्ट सांगितली गोरमाटीत, चार मिनिटं. मुलीने ती थांबवत थांबवत ऐकली, ऐकू आली तशी देवनागरीत लिहिली, आणि मग मराठीत. मराठीत पहिल्या ओळीत आई लिहिलं, खोडलं, परत याडी लिहिलं. मी म्हटलं, अगं मराठीत आई ना. तर म्हणाली, टीचर, गोष्टीत याडीच आहे, आई लिहिलं तर ती तुमची होते. राहू दिलं.

मार्चपर्यंत अशा अकरा गोष्टी झाल्या. सगळी पोरं घडाघडा वाचायला लागली असं काही नाही, चौघं अजून जोडाक्षरावर अडतात आणि दऱ्यामधला ऱ्य टाइप करणं तर मलाही जड जातं. दोन टॅब बंद पडले, ते अजून भरून द्यायचे आहेत, नवऱ्याला सांगितलेलं नाही. यंदाच्या तिसरीत एक तेलुगू बोलणारी आलीये, तिची आजी रोज सोडायला येते, शुक्रवारी थांबा म्हणून सांगितलंय.