तुम्ही विचारलेत म्हणून : वाटेत सायकल मोडली तर?

निर्मनुष्य मुलखात सायकलने हिंडणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि मलाही तो वारंवार विचारतात: जवळची वस्ती कित्येक किलोमीटरवर असताना सायकल मोडली, तर काय करता? उत्तर सरळ आहे: पायी निघतो. मात्र हे उत्तर ऐन वेळी सुचून उपयोग नसतो, ते निघण्यापूर्वी, नकाशा पुढ्यात असतानाच ठरवावे लागते. माझ्या मते दुर्गम भागातला सायकलप्रवास आधी पायी प्रवास म्हणूनच आखावा. सायकल धड राहिली तर तो लवकर संपेल, एवढेच.

हिशोब पाण्यापासून सुरू होतो. समजा, वाळवंटी भागात पाण्याच्या दोन ठिकाणांमध्ये ९० किलोमीटर अंतर आहे. कच्च्या रस्त्यावर, सामान लादलेल्या सायकलने ते दीड-दोन दिवसांत कापता येते. तीच सायकल ढकलत न्यायची झाली तर वेग ताशी ३ किलोमीटरच्या वर क्वचितच जातो, म्हणजे दिवसाकाठी फार तर २०-२५ किलोमीटर. आता सायकल कोठे मोडली तर सर्वांत वाईट, याचा विचार करा. आरंभी मोडली तर मागे फिरता येते, शेवटी मोडली तर पुढचे पाणी जवळ असते. सर्वांत वाईट जागा मधली, जिथून दोन्हीकडे ४५ किलोमीटर म्हणजे दोन दिवसांची चाल उरते. तिथवर पोहोचण्याचा एक दिवस त्यात मिळवला की तीन दिवसांचे पाणी सोबत हवे, हे स्पष्ट होते. कडक उन्हात श्रम करणाऱ्याला दिवसाला ६ ते १० लिटर पाणी लागू शकते. पहाटे आणि संध्याकाळी चालून, दुपार सावलीत काढून ही गरज कमी करता येते, तरीही निघताना सायकलवर निदान २० किलो वजन केवळ पाण्याचे असते. ते पेलत नसेल, तर तो टप्पा आपला नव्हे, असे मी मानतो.

यात एक अट गृहीत धरली आहे: दोन्ही टोकांना पाणी खरोखरच असले पाहिजे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील कॅनिंग स्टॉक रूट हा सुमारे १,८५० किलोमीटरचा मार्ग गुरांचे कळप नेण्यासाठी आखला गेला आणि १९०८ ते १९१० या काळात त्यावर ठरावीक अंतराने विहिरी खोदल्या गेल्या. नकाशावर त्या आजही दिसतात. प्रत्यक्षात त्यांपैकी अनेक ढासळल्या आहेत किंवा त्यांचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही. ज्या विहिरीची अलीकडची खात्रीलायक खबर नाही, ती नाहीच असे समजून अंतर मोजावे.

सगळीकडे हाच हिशोब लागू पडत नाही. अलास्कातील डाल्टन महामार्गावर कोल्डफूटपासून डेडहॉर्सपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर दुकान किंवा पेट्रोलपंप नाही, पण वाटेत ओढे आहेत आणि मालवाहू ट्रकही जात-येत असतात. तिथे पाण्यापेक्षा अन्न, थंडी आणि पाऊस यांचीच काळजी अधिक.

मोडलेली सायकल लगेच टाकून देऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. पेडल मारता येत नसले तरी चाके फिरत असतील, तर ती सामान वाहणारी गाडी असते, आणि २० किलो पाणी पाठीवर घेण्यापेक्षा ते चाकांवर ढकलणे कितीतरी सोपे. शिवाय पुष्कळशी मोडतोड वाटेतच निभावता येते: डिरेलर (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तुटला तर साखळी आखूड करून एकाच गिअरवर जाता येते, टायरची कड फाटली तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावता येतो. मागच्या चाकाचे साखळीच्या बाजूचे स्पोक सर्वाधिक तुटतात, आणि ते बदलायला गिअरची चक्रे काढावी लागतात. तेवढ्यासाठी लागणारे अवजार हलके असते, ते घरी ठेवू नये.

सायकल उत्तम असूनही उतरावे लागते, ती गोष्ट निराळी. बोलिव्हियातील उयुनीच्या मिठागरावर कोरड्या ऋतूत चाके सुरेख धावतात, आणि त्याच्या दक्षिणेला लीपेसच्या वाळूत शिरताच मैलोन् मैल ढकलावे लागते. चढ फार खडा असला तर आधी पिशव्या वर नेऊन ठेवायच्या, रिकामे परत यायचे आणि मग सायकल न्यायची. म्हणजे एक किलोमीटर पुढे सरकण्यासाठी तीन किलोमीटर चालायचे. म्हणूनच पेडलमध्ये अडकणारे कडक तळव्याचे बूट मी अशा प्रवासात वापरत नाही. ज्या बुटांत दिवसभर चालता येत नाही, ते पायात असताना वस्तीपासून फार दूर जाऊ नये.

हिमनद्यांतून येणाऱ्या ओढ्यांनाही चालणाऱ्याच्याच बेताने सामोरे जावे. दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून त्यांना पाणी चढते आणि पहाटे ते सर्वांत कमी असते. संध्याकाळी काठावर पोहोचलात तर मुक्काम करून सकाळी उतरणे हाच शहाणपणा, आणि त्यासाठी एका दिवसाचे जास्तीचे अन्न हवे. उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र सोबत असणे चांगले, पण भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि जिथे चालते तिथेही मदत पोहोचेपर्यंत तहान आपल्यालाच भागवावी लागते.

चालण्याच्या या शक्यतेची मला भीती वाटत नाही. उलट, ढकलत गेलेल्या टप्प्यांवरची जमीन मला सर्वांत चांगली आठवते: वाळूवरचे रात्रीचे माग, वाऱ्याने एका बाजूला झुकवलेली झुडपे, दगडांमागे तग धरून असलेले गवत. पण हे सगळे मोकळ्या मनाने पाहायला पाणी पुरेसे असावे लागते.

तेव्हा प्रवासाला निघण्याआधी एक दिवस सायकल पूर्ण सामानानिशी, पाण्यासकट लादावी आणि खडबडीत वाटेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसती ढकलावी. तुमचा ताशी वेग त्या दिवशी कळेल. बहुतेकांचा तो वर धरलेल्या ३ किलोमीटरपेक्षा कमीच भरतो; तसे झाले, तर पाण्याचा हिशोब आपल्या आकड्याने पुन्हा मांडावा.