पोर्ट उघडलं, पण सेन्सर बोलेना

आईला दमा आहे. नागपुरात झिंगाबाई टाकळीत आमच्या गॅलरीच्या कठड्यावर सकाळी बोट फिरवलं तर करडी धूळ लागते. म्हणून तिथे पीएमएस५००३ हा धुळीचा सेन्सर लावलाय. आई आधी आकडा विचारते, मग दार उघडते.

मे महिन्यात त्याला जोडलेला रास्पबेरी पाय ३ हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड बंद पडला. घरात त्याच जातीचा नवा पाय ५ होता. वाटलं, प्रोग्राम तिकडे टाकायचा, चार तारा हलवायच्या, झालं. तीन संध्याकाळी गेल्या.

कोडमध्ये पोर्टचं, म्हणजे सेन्सरचा डेटा बोर्डात येतो त्या वाटेचं, नाव 'सिरियल०' होतं. पाय ५ वरही हे नाव आहे. पोर्ट उघडलं, एरर नाही, पण वाचायला गेलं की हाती काहीच नाही. सेन्सरचा पंखा मात्र ऐकू येत होता. एरर नाही म्हणजे खोट तारेतच, असं मी धरून चालले. टीएक्स-आरएक्स, म्हणजे डेटा पाठवायची आणि घ्यायची तार, उलटसुलट करून पाहिलं, ९६०० बॉड हा डेटाचा वेग पुन्हा तपासला, बर्डीच्या बाजारातून नव्या जंपर वायर आणल्या. आई दारात येऊन, "काहून वं पोरी, जेवाचं नाही का?"

तिसऱ्या दिवशी सेन्सरच काढून टाकला. पाय ५ च्या ८ आणि १० नंबरच्या, म्हणजे पाठवायची आणि घ्यायची, पिना एका जंपरने एकमेकींना जोडल्या आणि एक अक्षर पाठवलं. आपलंच अक्षर आपल्याकडे परत यायला हवं. आलं नाही. सेन्सर सुटला, तारा सुटल्या. आता संशय फक्त पोर्टवर. 'सिरियल०' नेमकं कुठे जातं ते पाहिलं, तर टीटीवायएएमए१० नावाच्या पोर्टवर. पाय ५ वर हे पोर्ट स्क्रीन जोडायच्या दोन एचडीएमआयच्या मधल्या छोट्या तीन पिनांच्या डीबग (दोष शोधायच्या) कनेक्टरवर निघतं. पाय ३ वर हेच नाव ८ आणि १० नंबरच्या पिनांवर येत होतं. इथे त्या पिनांचं पोर्ट टीटीवायएएमए० आहे, आणि त्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये 'डीटीपॅरम=यूएआरटी०=ऑन' ही ओळ लागते. ओळ घातली, बोर्ड पुन्हा सुरू केला, अक्षर परत आलं. मला खरंच भरून आलं.

सेन्सर जोडला. पीएम २.५, म्हणजे बारीक धुळीचा आकडा, आला ४७. मग बाकीची दुरुस्ती करताना प्रोग्राम बंद-सुरू, बंद-सुरू चालू होतं, आणि एकदा आकडा आला १२०३२. त्यापुढचेही सगळे तसेच. वहीत भागाकार केला: १२०३२ भागिले २५६, बरोबर ४७. सेन्सर प्रत्येक आकडा दोन बाइटांत, म्हणजे डेटाच्या दोन तुकड्यांत, पाठवतो आणि वरच्याची किंमत २५६ पट धरायची असते. म्हणजे वाचन एका बाइटने सरकलं होतं. खालचा बाइट वरच्याच्या जागी बसत होता.

सेन्सर एका वेळी ३२ बाइट पाठवतो. ९६०० बॉडला त्याला साधारण ३३ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पोर्ट उघडलं तर वाचन मधूनच सुरू होतं, आणि माझा कोड डोळे मिटून ३२-३२ बाइट उचलत होता. जुन्या पायवर प्रोग्राम महिनोन्‌महिने बंदच होत नसे, म्हणून ही चूक तशीच दडून राहिली. आता कोड आधी हेक्समधले (सोळाच्या पायाने लिहिलेले) ४२ आणि ४डी हे सुरुवातीचे दोन बाइट शोधतो, मग पहिल्या ३० बाइटांची बेरीज शेवटच्या दोनांशी ताडतो. जुळली नाही तर तो आकडा फेकून देतो.

आज सकाळी आईला ३१ सांगितला. दार उघडून ती तुळशीला पाणी घालायला गेली.